बाजेवरची हळद

परवा सेनगावला निघाले होते. जीपमध्ये पुढची जागा मिळाली, म्हणजे दोघांच्या जागेत चौथी मी, पण पुढची ती पुढचीच. हिंगोली मागं पडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या तुरीची धसकटं सुरू झाली आणि एका वळणावर तो वास आला. हळद शिजायचा वास. ओल्या मातीचा, आल्याचा आणि थोडा कडवट धुराचा. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी मात्र खिडकीतून मान बाहेर काढून तो पोटभर घेतला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, मान आत घ्या, समोरून ट्रॅक्टर येऊन राहिला. मान आत घेतली, पण तोवर मी तीन वर्षं मागं, साखरा गावाला जाऊन पोचले होते.

हळदीचा हंगाम काही पंचांगात लिहिलेला नसतो. पाला पिवळा पडून आडवा झाला की तो आला. पाला कापून बांधावर टाकायचा, जमीन उकरायची, की मातीनं माखलेले गड्डे वर येतात. बायका ते झटकतात, मोडतात, ढीग लावतात. मग गावात कुकर येतो. घरातला नव्हे, ट्रॅक्टरमागं ओढून आणलेला, चार पिंपांचा, वाफेवर हळद शिजवणारा. दिवसभर त्याची वाफ गावावर असते आणि शिजलेली हळद पुढं पंधरा दिवस उन्हात पडून राहते. वाळली का ते बघायला ती मोडायची. नीट वाळलेलं हळकुंड खटकन मोडतं, मोडल्यावर आतून केशरी दिसतं. तो खटका ऐकायला मी अजूनही मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, जाताना एखादं हळकुंड उचलते. आडत्याचा मुनीम माझ्याकडं बघतो, ओळखतो आणि सोडून देतो.

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सख्ख्या आत्याला आजवर कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, आमची पोरगी परदेशात माल पाठवते. मग कुणी ना कुणी येतं आणि अमेरिकेतल्या भाच्यासाठी चकल्यांचा डबा माझ्या हातात देतं. मी माल पाठवत नाही हो. ज्यांना पाठवायचा आहे त्यांची तयारी करून घेते. हिंगोलीच्या एसटी डेपोजवळ माझी एक खोली आहे, त्यात एक टेबल आणि रुसणारा प्रिंटर. निर्यातीचा कोड काढायचा, परवाने काढायचे, लेबल बनवायचं, नमुना प्रयोगशाळेत धाडायचा, पेटी कशी भरायची ते शिकवायचं. स्वतः मी विमानात कधी बसलेली नाही. नांदेडला एकदा विमान जवळून पाहिलं, तेवढंच.

या कामात कागदांचा त्रास कमी आणि माणसांच्या मनाचा जास्त. सेनगावचे एक लोणचंवाले काका आहेत. त्यांना म्हटलं, बाटलीवर शेवटची तारीख टाकावी लागेल. काकांनी बाटली आपल्याकडं ओढली. मग म्हणाले, आमच्या घरचं लोणचं चार-चार वर्षं टिकतं, आणि तुम्ही ते मरणार कधी हे माझ्याच हातानं लिहायला लावता. तीन कप चहा झाला तेव्हा कुठं तारीख पडली. ते वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होते. आता ठीक आहेत, दिवाळीला बाटली येते, तारखेसकट.

गंगासागरताई माझ्याकडं आल्या त्या अशाच एका फेब्रुवारीत. गंगासागर हे आमच्याकडं बाईचं नाव असतं आणि त्यांना ते शोभायचं, उंच, भरदार, चालताना रस्ता त्यांचाच असल्यासारख्या. साखऱ्यात नऊ बायकांचा गट होता, त्या गटाच्या अध्यक्ष. बरोबर शेवंताबाई होत्या, तांड्यावरच्या, बारीक चणीच्या आणि तोंडानं फटकळ. साखऱ्याची शेती बरीचशी पावसावरची. ताईंच्या घरचं एकच वावर पाण्याखाली, विहिरीजवळचं. त्यात त्या नऊजणींनी हळद लावली होती आणि ती मोंढ्यात न नेता परदेशी धाडायची असं ताईंच्या डोक्यानं घेतलं होतं. कुठल्याशा मेळाव्यात कुणीतरी बोललेलं त्यांनी ऐकलं होतं.

वावराची गोष्ट त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली, लपवली नाही. नवऱ्यानं, ज्ञानोबाभाऊंनी, ते एका सालासाठी दिलं होतं. भाऊ माणूस वाईट नाही. बोलतो कमी, ऐकतो त्याहून कमी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "एक साल करा. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर हिरीजवळचं वावर माझं मला." म्हणजे हळद परदेशी गेली तर गटाला जमीन राहणार, नाहीतर नऊजणी पुन्हा दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणार. ताईंनी हे सांगितलं तेव्हा आवाज सरळ होता, पण हातातल्या पिशवीचा बंद त्या सारख्या पिळत होत्या.

जर्मनीतला एक दुकानदार माझ्या ओळखीतून मिळाला. हळकुंडं घेऊन दुकानातच दळून विकणारा. थोडाच माल हवा होता, पण दर साली हवा होता, आणि मला तसाच माणूस पाहिजे होता. त्याची यादी आली. फवारण्या कोणत्या केल्या ते लिहा, रंग लावू नका, ओल इतकीच असावी, जंतू नसावेत. मी यादी मराठीत करून साखऱ्याला नेली. फवारणीची वही तपासली. हळकुंडं घासून चकचकीत करायच्या ड्रमला रंगाचा हात लावू नका असं बजावलं. पोती नवी घ्या म्हटलं. परदेशी माल म्हणजे सगळं स्वच्छ पाहिजे, असंही मीच म्हटलं असणार.

पुढच्या खेपेला गेले तर ताईंचं अंगण बघत उभी राहिले. नऊजणींनी मिळून ते सारवलं होतं. घरच्या गाईचं ताजं शेण, पांढऱ्या मातीचा काठ, हाताच्या बोटांचे गोल गोल फराटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही वाकडा नाही. कडेनं रांगोळी. आणि त्या अंगणात शिजलेली हळद पसरलेली, वाफ अजून निघत असलेली. कोंबडीला आत यायची सोय नव्हती, शेवंताबाई काठी घेऊन बसल्या होत्या. हळदीचे हात पिवळे, पायांचे तळवे पिवळे, पदर पिवळे. मी चप्पल बाहेर काढली, त्याच अंगणात मांडी घातली आणि ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं आणि जवसाची चटणी जेवले. काय सुंदर झालंय म्हटलं. फोटो काढला, स्टेटसला ठेवला. शंभर जणांनी वा म्हटलं.

मला त्यात काही खटकलं नाही, हीच तर गंमत. मी हिंगोलीच्या गल्लीत वाढले, तरी आजोळचं अंगण सारवलेलंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी उठलं की मामी सारवत असायची. ओल्या अंगणाला पाय लागला की ओरडा बसायचा, आणि वाळल्यावर मात्र त्यावर लोळलं तरी चालायचं. त्या गारव्याचा वास अजून ओळखू येतो. सारवलं म्हणजे स्वच्छ झालं, याच्या पुढं माझं डोकं कधी गेलंच नव्हतं. इतकी पुस्तकं वाचली, इतकी प्रशिक्षणं केली, पण मामीच्या अंगणापुढं ती सगळी फिकीच पडली.

हळद वाळल्यावर नमुना धाडला होता, त्याचा अहवाल एका दुपारी आला, मोबाइलवर. डबा उघडला होता, भाजी कसली होती ते आठवत नाही. फवारणी ठीक, रंग नाही, ओल ठीक. आणि खाली जंतूंच्या रकान्यात नापास. मी प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या मुलीनं शांतपणे विचारलं, मॅडम, हळद शेणाच्या जागेवर वाळवता का तुमच्याकडं? शेणातले जंतू हळदीला लागले होते. ती सांगत होती, आपल्याकडं हळद फोडणीत जाते, शिजते, बाधत नाही. तिकडं लोक कच्चीच दुधात घालून पितात. मी हो हो म्हणत होते आणि डोळ्यांसमोर ते गोल फराटे दिसत होते. डबा तसाच झाकून ठेवला.

आता हे सांगायचं कुणी? मीच. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही आणि समोर जायची त्याहून नव्हती. एसटीत बसून सगळी वाक्यं जुळवली. तुमची चूक नाही म्हणेन, नियमच तसे आहेत म्हणेन. साखऱ्याला उतरले तर ताई अंगणातच होत्या, वाळलेली हळकुंडं निवडत. मी जुळवलेलं सगळं विसरले आणि भलतंच बोलले. म्हटलं, ताई, हळद या जागेमुळं खराब ठरली, शेणाची जागा चालत नाही.

त्यांनी हातातलं हळकुंड खाली ठेवलं. अंगणाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"तुमी ह्याच अंगणात मांडी घालून जेवलात, मॅडम. तवा काहून न्हाई बोललात?"

खरं उत्तर असं होतं की तेव्हा मलाही ते चांगलंच वाटलं होतं, पण हे बोलायला तोंड उघडेना. चुकले म्हणायला पाहिजे होतं. तेही जमलं नाही. मी काहीतरी पुटपुटले की उरलेल्या हळदीचं बघू. निम्मी हळद अजून जमिनीत होती. ताईंनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. मराठवाड्यात कुणाच्या दारातून बिनाचहाचं परत येणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडले, हे आज कबूल करते. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, मीच नंतर उठून काढलं.

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला, म्हणजे कामं टाळली. मला वाटायचं, आपण लोकांना पुढं नेतो. आणि मी एका बाईच्या हातच्या सगळ्यात चांगल्या कामाला घाण म्हणून आले होते. सारवण म्हणजे येणाऱ्याचा मान असतो. परदेशातल्या त्या न पाहिलेल्या माणसासाठी नऊजणी पहाटेपासून वाकल्या होत्या, पाहुणा यायचा म्हणून करतात तसं. प्रयोगशाळेच्या काचेखाली तो मान दिसत नाही, जंतू दिसतात, आणि जंतू खरेच असतात, त्यालाही इलाज नाही. दोन्ही खरं होतं. हे ताईंना त्या दिवशी नीट सांगता आलं असतं तर! पण मला सुचतं ते नेहमी डेपो ओलांडून घरी पोचल्यावर.

साखऱ्यात काय झालं ते मला नंतर शेवंताबाईंनी सांगितलं. वाळलेली निम्मी हळद भाऊ मोंढ्यात घालून आले, तिथं ती बिनतक्रार गेली. घरी येऊन म्हणाले, आता पुरे, जमिनीतली उरलेलीही तिकडंच नेतो. ताई भाकऱ्या करत होत्या. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, तुमी साल म्हनले होते, साल अजून सरलं न्हाई. एवढंच. भाऊ जेवून उठले आणि गोठ्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी गट बसला. शेणाशिवाय वाळवायचं तर कुठं? सगळ्यांच्या घरी स्लॅब नाही, पत्रे आहेत. खाली ताडपत्री टाकली तर खालून घाम धरतो, हळद काळी पडते. तेव्हा शेवंताबाई बोलल्या, आणि हे वाक्य त्यांनी मला तीनदा सांगितलं, म्हणून बरोबर आठवतं.

"घराघरात बाजा हायत ना? हळद बाजंवर निजंल, माणसं खाली निजतील."

मला फोन आला तो ताईंचा नव्हे, शेवंताबाईंचाच. उद्या कुकर लागतो, या. मी पहिल्या गाडीनं गेले. ताईंच्या घरासमोर, गल्लीत, पार मारुतीच्या पारापर्यंत बाजाच बाजा. सुतळीच्या, नवारीच्या, एक लोखंडी, एक आहेरात आलेली रंगीत पायांची. तांड्यावरून बैलगाडीत उभ्या करून आणलेल्या वेगळ्याच. प्रत्येक बाजेवर धुतलेली हिरवी जाळी ताणून बांधलेली, वर हळद, आणि खालून वारा. माझ्या कुठल्याही प्रशिक्षणाच्या वहीत ही युक्ती नव्हती. मी उभ्या उभ्या हसायला लागले आणि ताई पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या. मग मी म्हटलं, जे त्या दिवशी म्हणायचं राहिलं होतं ते. ताई, चूक माझी होती, मला अंगण आवडलं होतं, म्हणून मला दिसलंच नाही. त्या म्हणाल्या, ते असू द्या, हात धुवा आधी, बादली तिकडं हाय.

ते पंधरा दिवस साखऱ्यानं अजून सोडलेले नाहीत, चेष्टेत तरी. गावातले बाप्ये सतरंजीवर झोपत होते आणि सकाळी कंबर धरून पारावर येत होते. एक म्हातारबाबा रोज येऊन आपल्या बाजेला विचारायचे, झाली का गं तुझी झोप. कुणाचा जावई आला तर त्यालाही खाली अंथरूण, वर हळद. बायका केसांना फडकी बांधून फिरायच्या, कुणी बाजेजवळ चप्पल घालून आलं की नऊजणी एकदम वळून बघायच्या. ऊन चढलं की हळदीचा रंग पालटायचा, आधी मळका पिवळा, मग तांबूस, मग वरून राखट आणि आतून झळझळीत. सांजेला झाकायची, सकाळी उघडायची. मी आठवड्यातून दोनदा जायचे, खरं तर एकदाच काम असायचं. दुसऱ्यांदा मी नुसती बाजांच्या मधून फिरायचे, हळकुंड मोडायचे, खटका ऐकायचे. आयुष्यात फार कमी वेळा मला असं वाटलंय की मी जिथं आहे तिथंच बरी आहे. तेव्हा वाटलं.

ज्ञानोबाभाऊ या सगळ्यात कुठं होते, तर सगळ्यात कडेला. रोज यायचे, बाजा मोजल्यासारखं करायचे आणि जायचे. एक दिवस एका बाजेचा पाय हलत होता. भाऊ येऊन गेले आणि दुपारी बघितलं तर खाली पाचर ठोकलेली होती. ताईंनी ती बघितली आणि पदरानं तोंड पुसलं.

दुसरा अहवाल आला तेव्हा मी तो खोलीत उघडलाच नाही. साखऱ्याला घेऊन गेले, गटासमोर उघडला. एकेक ओळ वाचत होते, आणि शेवंताबाई मधेच, मॅडम, खालचं वाचा आधी, खालचं. खाली पास होतं. माझा जीव भांड्यात पडला. ताई उठल्या, आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. त्या चहात आलं जास्त पडलं होतं, ठसका लागला, आणि मी दोन कप प्यायले.

पेट्या भरायला दोन दिवस लागले. आत कागदी पिशवी, वर लेबल, लेबलवर गावाचं नाव. साखरा हे नाव छापलेलं बघून एकजण म्हणाली, आपलं गाव येवढं बारीक हाय का. अक्षरं मोठी करायला जागा नव्हती. हिंगोलीच्या एका व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये त्यांच्या पेट्यांना कोपरा मिळाला. टेम्पो निघाला तेव्हा ताईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मला विचारलं, एवढं तर चालतंय ना? चालतंय म्हटलं. महिन्यानं दुकानदाराचा निरोप आला, माल चांगला आहे, पुढच्या साली याच्या दुप्पट. मी तो मराठी करून पाठवला. गटाच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, शेवंताबाईंनी चुकून रडणारा चेहरा टाकला आणि मग बराच वेळ तो काढत बसल्या.

आज माझ्या वहीत बाजेचं चित्र आहे. दुसऱ्या गावांना शिकवायला जाते तेव्हा ते दाखवते, आणि सारवलेलं अंगण दिसलं की जेवायला बसायच्या आधी बोलते. लोकांना अजूनही वाईट वाटतं, थोडं वाटणारच. एका गावात एक मावशी म्हणाल्या होत्या, मग आमी आता सारवायचंच न्हाई का? सारवा की, म्हटलं, माणसांसाठी सारवा, हळद तेवढी वर ठेवू. हे मला आधी बोलता आलं असतं तर ताईंना तो एक आठवडा सोसावा लागला नसता. पण मग बाजा आल्या नसत्या. असं म्हणून मी स्वतःला माफ करते, सोयीचं आहे म्हणून.

आणि वावर? मला ते विचारायचा धीर होत नव्हता. माल पोचला होता, पण भाऊंच्या तोंडून "जमलं" हा शब्द कुणी ऐकला नव्हता, आणि दिल्या शब्दाचं साल तर सरलं होतं. निरोप येऊन थोडे दिवस झाले असतील, जूनचं आभाळ भरून आलेलं. हळद लावायचे दिवस निघून चालले होते. शेवटी न राहवून फोन लावला. ताईंना धाप लागली होती, मागून पाण्याचा आवाज येत होता. मी आडवळणानं विचारलं, वावराचं काय ठरलं, भाऊंना विचारलं का?

"न्हाई इचारलं, ताई," त्या म्हणाल्या. मॅडमची ताई मी कधी झाले, ते माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. "हळदीचं बेणं लावून मोकळी झाले."

मी विचारलं, मग भाऊ काय म्हणाले?

"ते कुठं काय म्हनतात? सकाळपासून पाणी देऊन राहिलेत."